आईला टेकडीवर न्यायचं ठरलं तेव्हा

कुठंही जायचं म्हटलं की तयारीचं काम आमच्या घरात माझ्या गळ्यात पडतं. पडतं म्हणजे मीच ते ओढून घेते. धुळ्याच्या शाळेत भूगोल शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. मुलांची सहल काढायची तर मी आधी एकटी जाऊन जागा पाहून यायची. सावली कुठं आहे, पाणी कुठं आहे, मुलींची सोय कुठं होईल. बरोबरच्या शिक्षिका हसायच्या. हसू दे. त्याच बायका सहलीच्या दिवशी मला विचारत यायच्या, की बाई, पाणी कुठं मिळेल?

निवृत्त झाल्यावर मी धुळ्यातल्या एका रविवारच्या चालणाऱ्या गटात नाव घातलं. बहुतेक सगळे माझ्याच वयाचे, साखर आणि रक्तदाब सांभाळणारे. सकाळी निघायचं, एखादी टेकडी चढायची, डबा खायचा, परत यायचं. त्या गटाबरोबर मी एकदा नरडाण्याच्या बाजूला गेले आणि गाडी जिथं थांबली ती टेकडी पाहून हसायलाच लागले. ती माझ्या आजोळची टेकडी होती. लहानपणी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आजोळी गेलं की अंगणातून ती समोर दिसायची. तिच्यावर गोल मांडलेले काळे धोंडे आहेत, त्यांना गावात गवळ्यांची खळी म्हणतात. गवळी राजाचं राज्य होतं तेव्हा तो तिथं धान्य मळायचा अशी गोष्ट सांगायचे. आम्हा पोरांना तिकडं जायला बंदी होती, म्हणून इतक्या वर्षांत मी वर कधी गेलेच नव्हते.

गटात एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी वर गेल्यावर सांगितलं की ही खळी नाहीत, थडगी आहेत. लोखंड नुकतं हाती आलेल्या काळातल्या माणसांची. मेलेल्या माणसाला, किंवा त्याच्या हाडांना, मातीत ठेवायचं, बरोबर मडकी ठेवायची, एखादी कुऱ्हाड ठेवायची आणि वर भोवतीनं हे असले धोंडे रचायचे. काही गोल आमच्या दिवाणखान्याएवढे होते, काही अगदी लहान. धान्य मळायची जागा समजून लोक ज्याकडे बघत आले ते स्मशान निघालं. मी फोनवर भराभर फोटो काढले. आईला दाखवायचे म्हणून.

आई आणि आबा भुसावळला राहतात. आबांची सगळी नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात झाली, आमचं बालपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं. निवृत्तीनंतर त्यांनी भुसावळला दोन खोल्या बांधल्या. आई शिंदखेडा तालुक्यातली, तिची बोली अहिराणी. इतकी वर्षं कॉलनीत राहून ती बोली आता अर्धी तिची आणि अर्धी शेजारणींची झाली आहे, पण मनातलं बोलायचं असलं की ती माहेरचंच बोलते.

पुढच्याच आठवड्यात मी भुसावळला गेले. जेवताना फोन ताटाजवळ उभा केला आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "आई, तुझ्या गावची ती खळी बघ. ती खळी नाहीतच. थडगी आहेत."

आईचा घास हातातच राहिला. "थडगा? म्हंजे मानसं पुरेल शेत तठे?"

"हो. फार जुनी माणसं. कितीतरी जणांना ठेवलंय."

तिनं फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. एकेक फोटो बोटानं सरकवत पाहिला. मग फोन खाली ठेवून म्हणाली, "मंग मनी आंडेर एकली नही व्हती."

आंडेर म्हणजे मुलगी. माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती आणि ती बारशाआधीच गेली, एवढं मला माहीत होतं. घरात तो विषय निघत नसे. निघाला तरी 'पहिली' एवढाच शब्द असायचा, आणि मी माझ्या धांदरटपणात कधी विचारलंही नव्हतं की पहिलीला ठेवलं कुठं. ते त्या दुपारी कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी, पावसाळ्याचे दिवस. बाळ गेलं तेव्हा आबा दीपनगरहून येऊन पोचले होते. लहान लेकराला जाळत नाहीत, मातीत ठेवतात, आणि तिथं बायांनी जायचं नसतं. मामा आणि आबा दोघंच गेले. दुसऱ्या दिवशी आईनं कुठं ठेवलं विचारलं तर आबा म्हणाले, टेकडीवर, खळ्यांपाशी. "इतला वरीस मी म्हनू, तठे रानमा ती एकली शे," आई म्हणाली. "कोनीच नही शेजारले."

आई रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर मी पूर्वी न पाहिलेलं काहीतरी होतं, हायसं वाटल्यासारखं. ती म्हणाली, "माले तठे लई चाल. एकदाव फक्त."

आबा ताटावरून उठले आणि हात धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू होता. मला वाटलं, बिचारे, त्यांनाही आठवलं असणार.

हे एवढं सांगायचं कारण, की नंतरच्या माझ्या धडपडीकडे कुणी म्हातारीची हौस म्हणून बघू नये. त्या मुलीचं जगात दुसरं काहीच उरलेलं नव्हतं. फोटो नाही, झबलं नाही, नाव तर नाहीच. आमच्याकडे आखाजीला पितरांची घागर भरतात तेव्हा एकेका पूर्वजाचं नाव घेऊन उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढतात. जिचं बारसंच झालं नाही तिचं नाव काय घेणार, आणि बोट कसं ओढणार? आईपाशी होती ती फक्त ती टेकडी. माहेरी गेलं की ती दिसायची, तेवढंच. आता तिला एकदा तिथवर जाऊन हात लावून यायचं होतं. तिचे गुडघे झिजलेले, डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितलेली आणि तिनं ती टाळलेली. आज चढली तर चढली, उद्याचं सांगता येत नव्हतं.

मी कामाला लागले. टेकडी म्हणजे काही सातपुडा नव्हे. माझ्या मामेभावाला फोन केला. मामा जाऊन काही वर्षं झाली, शेती आता हा बघतो. गडी मोठा बोलघेवडा. म्हणाला, "अक्का, काय टेकडी टेकडी लायेल शे! खाले बिडी पेटाडी का वर जायसनी ती सरस. फुईले मी खांदावर बसाडीसन लई जासू." फुई म्हणजे आत्या. खाली पेटवलेली विडी वर पोचेपर्यंत संपते, हा तरण्या माणसाचा हिशेब झिजलेल्या गुडघ्यांच्या बाईला लावून कसा चालेल, म्हणून मी त्याला उलटसुलट विचारून भंडावून सोडलं. गाडी कुठवर जाईल? त्याच्या शेताच्या बांधापर्यंत. तिथून चढ कसा? आधी गवत, मग मुरूम, मग थोडा धोंड्यांचा भाग. मध्ये बसायला जागा? नाही. मग तू प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन चालायचं, फुई दमली की मांडायची. हे त्याला फारच आवडलं. त्यानं लगेच वांग्यांची जबाबदारी घेतली. थंडीत शेतात पाहुणे येणार आणि भरीत होणार नाही हे खानदेशात शक्य नाही. त्याला वाटत होतं आम्ही हवा खायला येतोय. मीही काही सांगितलं नाही.

इकडे आईनं आपली तयारी सुरू केली होती. रोज सकाळी घरासमोरच्या रस्त्यावर ती एका टोकाच्या विजेच्या खांबापासून दुसऱ्या टोकाच्या पिठाच्या गिरणीपर्यंत चालायची. आधी अर्ध्यातून परत यायची, मग पूर्ण जायला लागली. मी तिला कापडी बूट घेऊन दिले. नऊवारी सोडून पाचवारीवर यायलाच तिला कितीतरी वर्षं लागली होती, त्यात आता बूट. ते घालून तिनं आरशात पायांकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "मी काय पोलीसमा भरती व्हयी ऱ्हायनू का?" पण दुसऱ्या दिवशी ते घालूनच गिरणीपर्यंत गेली. गिरणीवाला तिला विचारायचा, कुठं शर्यत आहे का आजी? ती म्हणायची, लेकीकडे जायचंय.

बरोबर काय न्यायचं, हा तिला पडलेला मोठा प्रश्न होता. मोठ्या माणसाला घास असतो, पिंड असतो. एवढ्याशा जिवाला काय द्यावं, कुणालाच माहीत नव्हतं. दीपनगरच्या क्वार्टरमध्ये आमच्या भिंतीला भिंत लावून एक मावशी राहायच्या, बौद्ध कुटुंबातल्या. त्याही आता भुसावळलाच असतात आणि अजून आठवड्यातून एकदा येऊन आईशी बोलत बसतात. त्या म्हणाल्या, "आमच्यात मेणबत्ती लावतात. तू पण लाव. उजेड कुणालाही चालतो." आईला ते पटलं. तिनं मेणबत्ती आणि काडीपेटी रुमालात बांधून ठेवली. ते गाठोडं पुढे कित्येक महिने कपाटात तिच्या साड्यांवर पडून होतं.

कित्येक महिने, कारण आबा. मी सगळं जुळवून आणायचं आणि आबांनी त्यात खोट काढायची. उन्हाळ्यात म्हणाले, खानदेशचं ऊन आहे, डोकं फुटेल तिचं. बरोबर होतं. पावसाळ्यात म्हणाले, गवत कमरेएवढं असतं, जनावर असतं त्यात. तेही बरोबर. दिवाळीनंतर जाऊ ठरलं तर म्हणाले, आता कापूस वेचणीला आला, त्या मुलाला कशाला कामातून काढता? मग डॉक्टरांना विचारून घेऊ म्हणाले, मग डॉक्टर गावाला गेलेत म्हणाले, आणि डॉक्टर तर आमच्या समोरच्या दवाखान्यात बसलेले मला खिडकीतून दिसत होते. हा माणूस म्हणजे नोकरीत एक दिवस उशिरा पोचलेला नाही, कुणाकडे पाहुणा म्हणून जायचं तरी गाडीच्या आधी तासभर फलाटावर जाऊन बसणारा. घोडं पेंड कुठं खातंय ते मला कळेना. मी आईजवळ चिडचिड केली तर ती त्यांचीच बाजू घ्यायला लागली. "त्यास्नी हातवर नेयेल शे ना तिले," ती म्हणाली. "त्यास्ले जड जास."

शेवटी मार्गशीर्षात मी ठाम ठरवलं. भुसावळला गेले, आबांना समोर बसवलं. आई बाहेर तिच्या फेऱ्या मारत होती. मी फोनवर आभाळातून दिसणारा नकाशा उघडला. त्यात टेकडी दिसते, नीट पाहिलं तर धोंड्यांचे गोलही दिसतात, बारीक बांगड्या सांडाव्यात तसे. माझं म्हणणं सरळ होतं. खळी पुष्कळ आहेत. आईला सगळीकडे फिरवणं शक्य नाही. कोणत्या बाजूला ठेवलं होतं ते आबांनी सांगावं, म्हणजे मी त्याच बाजूनं चढायची वाट ठरवीन.

"इथं बोट ठेवा," मी म्हटलं. "अंदाजानं ठेवा. फार नेमकं नको."

आबांनी चष्मा लावला. नकाशा बराच वेळ पाहिला. मग बोट ठेवलं ते टेकडीच्या पार खाली, गावाला वळसा घालून जाणाऱ्या करड्या रेघेवर.

"आबा, टेकडी इकडं आहे. तो नाला आहे."

"ठाऊक आहे मला," आबा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. माझ्याकडे न बघता, नकाशाकडे बघत. गावातली रीत नाल्याकाठी ठेवायची होती. मामांनी खड्डा खणला, आबांच्या हातात बाळ होतं. खाली मीठ घातलं, वर मीठ घातलं, माती लोटली आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून बोरीच्या काट्या ओढून वर धोंडे ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीनं दूध घालायला लोटी दिली. आबा ती घेऊन गेले तर तिथं काठच नव्हता. वरच्या अंगाला पाऊस झाला होता आणि नाला दोन्ही थड्या घेऊन वाहत होता. मामा म्हणाले, हिला सांगू नका. आबांनी ते दूध पुरात ओतलं आणि घरी आले.

"घरी आलो तर तिनं आतून विचारलं. बाळंतिणीच्या खोलीत आम्हाला जाता येत नव्हतं तेव्हा, सासऱ्याच्या घरी तर नाहीच. दाराला गोधडी टांगलेली. मी बाहेर, ती आत. म्हणाली, कुठं ठेवलं, पाणी तर नाही ना येणार तिथं? मी दाराला पाठ करून उभा होतो. समोर टेकडी होती. म्हटलं, टेकडीवर ठेवलंय, खळ्यांपाशी, तिथं कसलं पाणी. ती म्हणाली, बरं झालं." आबा थांबले. "तिचं तोंड दिसलं असतं तर मला खोटं बोलता आलं नसतं."

बाहेर आईच्या बुटांचा आवाज फाटकापर्यंत आला आणि पुन्हा गिरणीच्या दिशेनं गेला.

मला संताप आला आणि तो कुणावर काढावा हे समजेना. बाविशीतल्या त्या मुलावर कसा काढणार? समोर बसलेल्या म्हाताऱ्यावर तरी कसा? म्हणून मी जे मला येतं ते केलं, तोडगा काढायला लागले. म्हटलं, आबा, झालं ते झालं. वर गेलं की कुठल्याही एका लहान खळ्याकडे हात करा. ती हात लावेल, मेणबत्ती लावेल, शांत होऊन खाली येईल. तिची ती टेकडी तिच्यापाशी राहू द्या.

"तुला वाटतं हे मला सुचलं नसेल?" आबा म्हणाले. "वर्षभर तेच घोकतोय. पण बाई, ती नुसता हात लावणार नाही. ती बोलेल तिच्याशी. इतक्या वर्षांचं साठलेलं बोलेल. आणि मी शेजारी उभं राहून ते ऐकायचं? तिथं कुणीच नाही हे माहीत असून?"

मी फोनवरचा नकाशा बंद केला.

"मी सांगतो तिला," ते म्हणाले. "मीच सांगायला पाहिजे."

त्यांनी सांगितलं नाही. मी रोज धुळ्याहून फोन करायची. आज तिचं अंग दुखत होतं. आज मावशी बसायला आल्या होत्या. आज ती इतकी आनंदात होती की जीभच उचलेना. मी बेत मोडायचं म्हटलं तर म्हणाले, मोडू नको, मी सांगतो. जाण्याचा दिवस उजाडला तरी आई पायाला तेल चोळून, बूट घालून तयार.

ती दोघं सुरत लाइनच्या पॅसेंजरनं आली. गाडी पाठवते म्हटलं तर आई ऐकेना, माहेरी ती कायम रेल्वेनंच गेलेली. मी नरडाणा स्टेशनवर उभी होते. आबा आधी उतरले, त्यांचा चेहरा पाहूनच मला कळलं की ते अजून बोललेले नाहीत. आई खिडकीतून बाहेर बघत बसून आली होती, गालाला गार वारा लागून लाल झालेली. रुमालाचं गाठोडं हातात. माझ्या गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, "टेकडी दखाये का आठेथून?" मी म्हटलं, अजून नाही, कारखाने संपू दे. औद्योगिक वसाहत मागं पडली, कापसाची शेतं लागली, शेवटच्या वेचणीतला कापूस झाडांवर कुठं कुठं लटकत होता. एक लहान फरशीपूल ओलांडला आणि टेकडी दिसली. आई पुढं झुकली ती तशीच बसून राहिली.

मामेभाऊ बांधावर उभाच होता. तीन धोंड्यांची चूल मांडलेली, वांग्यांचा ढीग, तुरीच्या काड्यांचा भारा. फुईच्या पाया पडला, तिच्या बुटांचं कौतुक केलं आणि आम्ही पाणी पिऊन होईपर्यंत खुर्ची डोक्यावर घेऊन टेकडीला लागलाही. मधे मधे मांडायची म्हणून आणायला सांगितलेली खुर्ची तो थेट वर घेऊन निघाला होता. मी ओरडले, पण त्याच्या कानात वारं गेलेलं.

आईनं एक पाय बांधावर ठेवला. बुटाची नाडी सुटली होती. मी वाकून ती बांधत होते आणि मला ऐकू आलं, आबा म्हणाले, "ती वर नाही."

मी नाडी बांधत राहिले. मान वर करायची मला हिंमत झाली नाही.

आबांनी सांगितलं. मला सांगितलं होतं तेवढंच, त्याहून कमी शब्दांत. नाला, काठ, पूर, दूध. दाराला टांगलेली गोधडी. सांगून झाल्यावर ते हात जोडून उभे राहिले. माझ्या बापाला कुणापुढं हात जोडताना मी त्या दिवशी प्रथम पाहिलं आणि मला ते पाहवेना. वरून मामेभावाचा आवाज आला, "या ना वर! खुर्ची मांडी दिधी!"

आईचा पाय अजून बांधावर होता. तिनं टेकडीकडे पाहिलं. माझं सगळं लक्ष तिच्या तोंडाकडे, ती आता कोसळेल म्हणून मी हात पुढं करून तयार. ती कोसळली नाही. पाय खाली घेतला आणि विचारलं, "कोनता नाला?"

आबांनी मागं हात केला. आम्ही नुकताच गाडीनं ओलांडला होता तो.

ती वळली आणि चालायला लागली. मी हात दिला तो तिनं घेतला नाही. ज्या पायांसाठी मी वर्षभर नकाशे पाहिले त्या पायांनी ती कापसाच्या सरींतून एकटी खाली गेली. नाल्यात पाणी थोडंच होतं, धोंड्यांमधून सरकणारं, काठाला बेशरमीची झाडं. ती काठावरच्या एका दगडावर बसली. आम्ही दोघं मागं उभे.

"आखाजीले मी आठेच कपडा धुयात," ती म्हणाली. "दर सालले. याच पानीमा पाय टाकीसन." मग मान उचलून टेकडीकडे हात केला. "आनि तोंड तठे. वर."

मला रडू फुटलं. मी तोंड फिरवलं.

आबा तिच्याशेजारी खाली बसायला लागले. त्यांनाही बसवत नव्हतं, एक हात जमिनीला टेकून ते कसेबसे बसले. म्हणाले, "तू रडली असतीस. मला ते पाहवलं नसतं गं."

"तुमी तवाच सांगतात ते दोन्हीजन संगे रडतूत," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी त्या टेकडीकडे दखीसन एकली रडनू. तुमी कोठे रडनात ते तुमलेच ठाऊक."

आबा रडायला लागले. लहान मुलासारखे, आवाज करून, नाक गळत. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, त्यांची आई गेली तेव्हाही नाही. आई त्यांच्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

"रडा," ती म्हणाली. "मना डोया सुकी गयात."

आणि पदराचं टोक तिनं त्यांच्या हातात दिलं.